तिसऱ्या खोलीतली ओळ

१

राजकन्या इंगोले आयुष्यात दोनदाच नापास झाली होती, आणि दोन्ही वेळा एकाच परीक्षेत. बारावी तिनं अर्धापुरात, केळीच्या बागेत मजुरीला जात जात, पहिल्या फटक्यात काढली होती. नवरा गेल्यावर सासरच्या भावकीला एका बैठकीत गप्प केलं होतं. नांदेडात तरोडा नाक्याजवळ दोन खोल्या भाड्यानं घेऊन ती लेकीला एकटीनं वाढवत होती, आणि आटोवाल्याशी हुज्जत घालण्यात तिचा हात धरणारं त्या गल्लीत कुणी नव्हतं. पण मराठी टायपिंगची ती परीक्षा, मिनिटाला तीस शब्दांची, काही केल्या तिच्या हाती लागत नव्हती.

आणि लागायला तर हवीच होती. तिचा नवरा सुदाम एका सरकारी कार्यालयात लिपिक होता आणि नोकरीत असतानाच गेला. अशा वेळी सरकार घरातल्या एका माणसाला त्या जागी घेतं. त्याला अनुकंपा म्हणतात. राजकन्या सुदामच्याच खुर्चीवर, सुदामच्याच टेबलाशी बसली. अट एकच होती, दोन वर्षांत टायपिंगचं प्रमाणपत्र आणायचं, नाहीतर नोकरी संपली. दोन वर्षं झाली, वरची मुदतवाढही सरत आली होती. पुढच्या महिन्यातली परीक्षा शेवटची. त्यात आपटली तर पुन्हा केळीची बाग, आणि सहावीतल्या लेकीची, साक्षीची, शाळा रामभरोसे.

योगायोग असा, की अनुकंपेचे अर्ज तिच्याच टेबलावर यायचे. "माझे वडील कै. अमुक अमुक हे आपल्या कार्यालयात कार्यरत असताना त्यांचे दि. अमुक रोजी निधन झाले," या चालीवरचा तो अर्ज तिला आरतीसारखा पाठ होता. कालच एका विधवेला तिनं समजावलं होतं, की लेकरू लहान असलं तरी हरकत नाही, अठरा पुरी झाली की त्याला अर्ज करता येतो. अट एवढीच, माणूस नोकरीत असताना गेलेला पाहिजे.

दोनदा नापास झाल्याचं खापर ती घरच्या संगणकावर फोडायची. ऑफिसातले बडे बाबू आप्पासाहेब मिशीत हसून म्हणायचे, "नाचता येईना, अंगण वाकडं." पण खरं सांगायचं तर अंगण वाकडंच होतं. सुदामनं कधीकाळी जुना घेतलेला तो डबा सुरू व्हायला कुकरच्या चार शिट्ट्या लागायच्या, आणि कळ दाबली की अक्षर सावकाश, पान खाऊन आल्यासारखं, पडद्यावर यायचं.

२

उपाय काढला वीरण्णा सरांनी. सर मूळचे उदगीरचे. टाइपरायटरच्या खडखडाटात केस पांढरे झालेले, आणि आता नांदेडात संगणकावर तोच क्लास चालवणारे. रविवारी सकाळी ते खिशात पेनड्राइव्ह घालून हजर झाले.

"मशीन म्हातारं न्हाई झालं, बाई. त्याच्या डोक्यावर वझं लई झालंय," सर म्हणाले. "विंडोज काढून टाकू, लिनक्स टाकू, फुकट मिळतंय. माझ्या क्लासातली बारा मशिनं त्याच्यावरच चालून राहिलीत."

"फुकट हाय म्हणता. फुकटचं चांगलं कसं असंल?"

"हवाबी फुकटच हाय की."

राजकन्येला उत्तर आवडलं. सुदामचे सगळे फोटो तिनं आधी मोबाइलमध्ये घेतले, दोनदा मोजून. मग पडद्यानं विचारलं, की सगळी डिस्क पुसायची का? सर कळ दाबणार तोच ती म्हणाली, "थांबा, मी दाबते." आणि दाबली. तिच्या घरातलं काही पुसायचं तर ते तिच्याच हातानं पुसलं जाणार.

साक्षी दारात बसून मुरमुरे खात होती. मधूनमधून ताटलीच्या काठावर बोटं वाजवायची. दोन लागोपाठ, जरा थांबून एक. टकटक, टक. ही तिची लहानपणापासूनची खोड.

"ताट वाजवू नको गं, अवदसा येते घरात," राजकन्या नेहमीचं बोलली, आणि साक्षीनं नेहमीसारखं दोन मिनिटं ऐकलं.

तासाभरात संगणक नवा होऊन उठला. कळ दाबली की अक्षर हजर. राजकन्येनं वापरणाऱ्याचं नाव घातलं, इंग्रजी छोट्या अक्षरांत स्वतःचं. दुसरं कुणाचं नाव घालायचं का, असं सरांनी विचारलं. ती म्हणाली, "दुसरं हायच कोण?"

जाता जाता सरांनी एक युक्ती शिकवली. "ह्या घराला सात खोल्या असत्यात. आपण बसतो ती सातवी, रंगीत. मागं सहा काळ्या. समोरचं कधी अडकलं तर कंट्रोल, आल्ट आणि एफ-तीन संगट दाबा. तुम्ही मागच्या तिसऱ्या खोलीत जाताल. तिथून अडकलेलं बंद करायचं, आणि एफ-सातनं पुढं यायचं." त्यांनी करूनही दाखवलं. काळा पडदा आला, वर एक पांढरी इंग्रजी ओळ, नाव विचारणारी. "घरात कोण कोण बसलंय ते बघायचं असंल तर समोरच्या खोलीत इंग्रजीत 'हू' लिहा. मशीन यादी देतं." यादीत एकच नाव होतं, राजकन्येचं.

"आणि काळ्या खोलीत मराठी लिहायला जाऊ नका," सर चप्पल घालता घालता म्हणाले. "तिथं मराठी उमटतच न्हाई. नुसते चौकोन येत्यात."

३

आठवडाभर सगळं झकास चाललं. ऑफिसातून येऊन चहा, मग तासभर टायपिंग, मग स्वयंपाक. चोवीस शब्दांवरून ती सत्तावीसवर आली. साक्षी घड्याळ धरायची.

बुधवारी संध्याकाळी पडदा अडकला. राजकन्या घाबरली वगैरे नाही. तिनं तीन कळा दाबल्या आणि मागच्या तिसऱ्या खोलीत गेली.

तिथं नाव विचारणारी ओळ नव्हती. तिथं टायपिंगच्या पुस्तकातला पहिला धडा होता. तीच चार-चार अक्षरं, एकाखाली एक दहा ओळी, जशी क्लासात पहिल्या दिवशी प्रत्येकाकडून घोटून घेतात. मराठीत. सातव्या ओळीत एक चूक होती आणि दहावी ओळ अर्धी होती.

सरांनी सरावाचं काहीतरी घालून ठेवलेलं दिसतंय, असं म्हणून तिनं संगणक बंद करून पुन्हा सुरू केला. डाळीला फोडणी देता देता तिला आठवलं, की तिथं मराठी उमटत नाही. मग मनाशी म्हणाली, सरांनाही सगळं कुठं माहीत असतं.

दुसऱ्या दिवशी पडदा अडकलेला नसताना ती मुद्दाम गेली. आज दुसरा धडा होता. चुका चार.

४

सरांनी क्लासातल्या संगणकावर तिच्यासमोर करून दाखवलं. काळ्या खोलीत मराठी अक्षर दाबलं, चौकोन आला. पुन्हा दाबलं, पुन्हा चौकोन.

"ते घर तसं बांधलेलंच न्हाई, बाई. आणि सरावाचं मी काई घातलं न्हाई."

"मग मला दिसलं ते?"

सर घरी आले. तिसऱ्या खोलीत गेले. काळा पडदा, वर नाव विचारणारी इंग्रजी ओळ, बाकी काही नाही. सरांनी चहा घेतला आणि परीक्षेच्या ताणावर दूधहळद घ्यायला सांगितली. राजकन्येला स्वतःचाच राग आला. उगीच माणसाला तंगडतोड करायला लावली.

सर गेले, आणि डब्यातून आवाज यायला लागला. बारीक होता, भिंतीतली पाल पोटातल्या पोटात बोलते तेवढाच. जुनी डिस्क कधीमधी टिकटिकते हे तिला ठाऊक होतं. पण ही टिकटिक तिच्या टायपिंगबरोबर येत नव्हती. तिचे हात मांडीवर असतानाही ती चालूच होती.

ती मागं गेली. तिसऱ्या खोलीत आता धडे नव्हते. शब्द होते, आणि ते तिच्या डोळ्यांदेखत उमटत होते. एक अक्षर, टिक. एक अक्षर, टिक. मग चूक, आणि चुकलेलं अक्षर पुसलं जायचं. टायपिंग शिकणाऱ्याचा हात राजकन्येला हजारात ओळखू आला असता. एका बोटानं शोधायचं, दुसऱ्यानं दाबायचं. सावकाश पुढं सरकत शेवटी ओळ पुरी झाली.

"विषय : अनुकंपा तत्त्वावर नियुक्ती मिळणेबाबत."

राजकन्या चक्क हसली. हा तर तिचाच अर्ज. सुदाम गेल्यावर तिच्या मावसभावानं याच संगणकावर तिचा अर्ज लिहिला होता. पुसलेल्या पाटीवर जुनं अक्षर पुसट दिसतं ना, तसलंच काहीतरी. तिनं सरांना फोन केला.

"पुसलं म्हंजी पुसलं, बाई," सर म्हणाले. "पुन्यांदा सगळं पुसून टाकू का?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळं पुन्हा पुसलं, पुन्हा टाकलं. कळ यावेळीही राजकन्येनंच दाबली. संध्याकाळी भाकरी थापताना तिला बाहेरच्या खोलीतून ऐकू आलं. दोन लागोपाठ, जरा थांबून एक.

तिनं साक्षीला हाक मारली, ताट वाजवू नको म्हणून. साक्षी तिच्या मागेच उभी होती, हातात कोथिंबिरीची जुडी घेऊन.

५

परीक्षा मंगळवारी होती. रविवारी दुपारी, लख्ख उन्हात, साक्षी खाली गल्लीत लंगडी खेळत असताना, राजकन्या खुर्ची ओढून बसली. आज एकदाचा काय तो सोक्षमोक्ष लावायचाच, असं ठरवून. भुताखेतावर तिचा विश्वास नव्हता. संगणकावरही फारसा नव्हता, पण तो निदान विचारलं तर उत्तर देत होता.

समोरच्या खोलीत तिनं 'हू' लिहिलं. घरात कोण कोण बसलंय?

दोन ओळी आल्या. पहिलीत तिचं नाव, सातवी खोली, आजची तारीख, आताची वेळ. दुसरीत तिसरी खोली, आणि तारखेचा रकाना कोरा. नाव इंग्रजी छोट्या अक्षरांत होतं, आणि ते साक्षीचं होतं.

ती गॅलरीत गेली. "साक्षी! तू माझ्या मशिनला हात लावलास का गं?"

"न्हाई गं आई!" साक्षी एका पायावर उभी राहून ओरडली. "मला कुठं येतंय टायपिंग?"

आणि ती खाली ओरडत असताना, वर खोलीत टिकटिक चालू होती.

राजकन्या आत आली. कंट्रोल, आल्ट, एफ-तीन.

अर्ज बराच पुढं सरकला होता. वर कार्यालयाचं नाव, तिच्याच कार्यालयाचं. विषयाची ओळ. "महोदय." आणि त्याखाली एकेक अक्षर उमटत होतं:

"माझी आई कै. श्रीमती राजकन्या सुदाम इंगोले या आपल्या कार्यालयात कनिष्ठ लिपिक पदावर कार्यरत असताना त्यांचे दि."

तिथं ओळ थांबली. 'दि.'च्या पुढं पांढरी रेघ लुकलुकत राहिली. लिहिणाऱ्याचा हात आकडे शोधत होता. आकडे वरच्या रांगेत असतात आणि शिकाऊ माणसाला ते सगळ्यात शेवटी येतात, हे राजकन्येला चांगलं माहीत होतं.

तिनं भिंतीवरचं बटण बंद केलं. मग वायर काढली. तरी थोडा वेळ ती वायरचं टोक हातात धरून उभी होती, विंचवाची नांगी धरल्यासारखी.

रात्री साक्षीची वेणी घालताना तिचं डोकं नेहमीसारखं सरळ चाललं. ती लिपिक होती, नियम तिला पाठ होते. 'कार्यरत असताना' हे नोकरीत असलेल्याविषयीच लिहितात. मंगळवारी ती नापास झाली की नोकरी संपली, आणि नोकरी संपली की हा अर्ज जगात कुणालाच करता येणार नाही. ओळ आपोआप खोटी. फक्त हात मांडीवर ठेवून बसायचं, की झालं. एवढं सोपं.

"आई, केस ओढू नको," साक्षी म्हणाली.

६

फॉर्म उशिरा भरल्यानं केंद्र लातूरला आलं होतं. पहाटेची बस, खिडकीची जागा, डब्यात दशमी. हॉलमध्ये चाळीस संगणक होते. राजकन्येच्या शेजारी उदगीरकडची एक पोरगी देवाचं नाव घेत होती.

घंटा झाली. एकोणचाळीस संगणकांवर पाऊस कोसळला. राजकन्येचे हात मांडीवर होते.

पडद्याच्या कोपऱ्यात सेकंद पळत होते. पाच. दहा. पर्यवेक्षक बाईंनी एकदा तिच्याकडे पाहिलं. तिला केळीची बाग दिसली, चिखलातले पाय दिसले, साक्षी तिच्यामागे घड उचलून चाललेली दिसली, अकराव्या वर्षी. वीस. तिला वाटलं, मरण काय, नोकरी नसलेल्यांनाही येतंच. बागेतल्या बाया काय अमर असतात? फरक एवढाच, की त्या गेल्या तर मागं लेकरांच्या हातात अर्जसुद्धा उरत नाही. पंचवीस. साक्षी तो अर्ज लिहीत होती, म्हणजे अठराची झाली होती. शिकली होती. धडधाकट होती. आपण तेव्हा नसणार हे कळूनही राजकन्येला कुठंतरी बरं वाटलं.

तिनं हात वर घेतले. मग मात्र ते असे चालले, की उदगीरची पोरगी देवाचं नाव विसरून बघत राहिली.

७

त्या संध्याकाळी घरी येऊन तिनं पाय धुतले, वायर लावली आणि थेट तिसऱ्या खोलीत गेली. ओळ जिथल्या तिथं होती. 'दि.'ची रेघ लुकलुकत होती.

डबा भंगारात द्यायचा विचार बसमध्येच येऊन गेला होता, आणि तिनं तो बसमध्येच टाकून दिला होता. इथून गेला म्हणून लिहिणारं लिहायचं थांबणार थोडंच? दुसरीकडं कुठंतरी लिहिलं जाईल, तिला न दिसता. दिसतंय तोवर पुसता तरी येतं.

तिनं पुसायच्या कळीवर बोट ठेवलं. एकेक अक्षर मागं सरकलं. 'कार्यरत असताना' गेलं, पद गेलं, नाव गेलं. शेवटी 'माझी आई' एवढेच दोन शब्द उरले. तिथं बोट आपसूक थांबलं.

तिनं त्यांच्यापुढं लिहिलं, "साक्षी?"

बराच वेळ काहीच झालं नाही. शेजारच्या घरात कुणीतरी कांदा चिरत होतं, ते ऐकू येत होतं. मग तिचं अक्षर न् अक्षर पलीकडून पुसलं गेलं, हळू, जपून, चुकून पडलेलं काहीतरी पुसावं तसं. आणि ओळ पुन्हा सुरू झाली. दोन लागोपाठ, जरा थांबून एक. राजकन्या ढसाढसा रडली. रडून झाल्यावर तिनं मिनिट धरून वेग मोजला, क्लासात मोजतात तसा. पलीकडचा वेग होता मिनिटाला नऊ शब्द. तिचा चौतीस. तिनं डोळे पुसले आणि 'माझी आई'सकट सगळं पुसून टाकलं.

तेव्हापासून रोजचं तेच चाललं. ऑफिसातून आल्यावर चहा, मग तिसरी खोली. पलीकडून दिवसभरात जेवढं लिहून झालं असेल तेवढं ती मिनिटभरात पुसायची आणि स्वयंपाकाला लागायची. दळण आणावं, पाणी भरावं, तसं. निकाल लागला, ती पास झाली. आप्पासाहेबांनी पेढे वाटायला लावले, सेवापुस्तकात शिक्का बसला. वीरण्णा सरांना तिनं शर्टाचं कापड दिलं. सरांनी संगणकाचं विचारलं, तर म्हणाली, "लई चांगलं चाललंय. अडकत न्हाई आता."

एकदाच चुकलं. एका गुरुवारी ऑफिसात तपासणी होती, घरी यायला आठ वाजले. साक्षी दारातच म्हणाली, "आई, तुझा डबा लई वाजून राहिलाय आज." राजकन्या चप्पल न काढता आत धावली. 'दि.'च्या पुढं एक आकडा उमटला होता. दुसरा उमटत होता. तिनं पुसला. पण पहिला तिनं वाचला होता. कोणता, ते तिनं कुणालाच सांगितलं नाही.

त्या रात्री जेवताना साक्षीची बोटं ताटाच्या काठावर चालू झाली, आणि राजकन्येनं ती मुठीत धरली. ताट वाजतं म्हणून ओरडली नाही, नुसती धरून बसली.

"आई, मलाबी शिकव ना टायपिंग," साक्षी म्हणाली.

"न्हाई."

"रूपाली शिकून राहिली क्लासात. पुढं कामाला येतं म्हणे."

"तुला न्हाई यायचं कामाला," राजकन्या म्हणाली. "जेव."

दुसऱ्या दिवशी तिनं वीरण्णा सरांकडे चाळीस शब्दांच्या परीक्षेचा फॉर्म भरला. ऑफिसात सगळ्यांना नवल वाटलं. आप्पासाहेब म्हणाले, "तीसचं झालं की, बाई. नोकरी पक्की झाली. आता चाळीस कशाला?"

"हात चालता पाहिजे, साहेब," राजकन्या म्हणाली.

रविवारी तिनं पुन्हा मोजलं, तेव्हा पलीकडचा वेग नऊवरून एकोणतीसवर आला होता, तिच्या चौतीसच्या मागोमाग. सोमवारी संध्याकाळी चाळीसचा वर्ग सुरू झाला, आणि राजकन्या सगळ्यांच्या आधी जाऊन पहिल्या खुर्चीत बसली.